विमान परवडेल, पण उभं विमान?

शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटर शटडाऊन केला की तुमच्याही डोळ्यांसमोर समुद्र येतो ना? माझ्या डोळ्यांसमोर रेडीचा येतो. सिंधुदुर्गाचं दक्षिण टोक, यशवंतगड, १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेला द्विभुज गणपती आणि मामाचं घर! प्रॉब्लेम एकच. मुंबईहून रात्रभर बस, आणि परत रात्रभर बस.

माझा मामेभाऊ मुंबईत विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे. त्याची भन्नाट आयडिया : नऊ सीटचं छोटं टर्बोप्रॉप, सेस्ना कॅराव्हॅनसारखं, घ्यायचं आणि मुंबई-चिपी चार्टर सुरू करायचं. भांडवल? मामाची काजूची बाग बँकेत तारण. बाग एकच आहे, म्हणून मे महिन्यात मामाच्या पडवीत आम्ही लॅपटॉप उघडून बसलो.

आधी उडण्याचा खर्च. असं विमान तासाला साधारण २०० लिटर इंधन पितं. लिटरला १०० रुपये धरले, २० हजार. या जातीच्या इंजिनाचं ओव्हरहॉल सहसा ३६०० तासांनी येतं. त्यासाठी आणि बाकी मेंटेनन्ससाठी तासामागे आणखी २० हजार बाजूला. लँडिंग, हँडलिंग ५ हजार. एकूण तासाला ४५ हजार. "बघ, स्वस्त आहे!" दादा खूश.

मामा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. स्वतःचे दोन ट्रक होते. त्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, "आणि पावसात?"

दादा गप्प. मग आम्ही दुसरा कॉलम उघडला : विमान जमिनीवर असलं तरी लागणारा खर्च. लीज वर्षाला २ कोटी, चार पायलट १ कोटी २० लाख, इन्शुरन्स ४० लाख, इंजिनिअर, हँगर, सेफ्टीचा स्टाफ आणि ऑफिस १ कोटी ४० लाख. हे सगळे आमचे अंदाज, पण बेरीज आली ५ कोटी. शिवाय डीजीसीएचं नॉन-शेड्युल्ड परमिट हातात येईपर्यंत कमाई शून्य, आणि पगार मात्र चालू.

आता खरी गंमत. वर्षाला ६०० तास उडालं, तर हे ५ कोटी तासाला ८३ हजार पडतात. एकूण १ लाख २८ हजार. उडालं फक्त २५० तास, तर तेच २ लाख ४५ हजार! विमान तेच, पायलट तेच.

"ट्रक उभो रवलो म्हणून बँकेचो हप्तो उभो रवणा नाय," मामा म्हणाला.

मुंबई-चिपी जाऊन-येऊन अडीच तास धरा. ६०० तास म्हणजे २४० फेऱ्या. पावसाचे चार महिने सोडले तर राहतात साधारण २४० दिवस. म्हणजे रोज एक फेरी, एक दिवस खाडा नाही! आणि चार्टर म्हणजे सुटी तिकिटं नाहीत, अख्खं विमान भाड्याने घेणारा ग्रुप रोज हवा.

मामाचा पुढचा बॉम्ब : "जाताना भरलेला, आणि येताना रिकामाच येतला मा?" शुक्रवारी सगळ्यांनाच कोकणात जायचं असतं, त्या रात्री मुंबईला कोण येणार? परतीचं विमान रिकामं आलं, तर ६०० तासांच्या हिशेबातही एका सीटला साधारण साडेपस्तीस हजार. २५० तासांच्या हिशेबात ६८ हजार. रेडीला जायला!

समोर स्पर्धा कोणाची? मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, आणि रेडीहून तो चिपीपेक्षाही जवळ. चिपीचंच बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला, 'उडान'च्या सबसिडीवर मुंबईचं विमान आलं आणि तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, ती सेवा थांबली. गुजरातेत केवडियाचं सीप्लेन तर ऑक्टोबर २०२० मध्ये गाजावाजात उडालं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये बंद पडलं. उत्साह तिथेही कमी नव्हता.

दादाचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, मामा आता "नोकरी कर गपचूप" म्हणणार. तो म्हणाला, "बाग गहाण ठेवूक माझी हरकत नाय. पण आधी रोजची फेरी दाखव."

म्हणून सध्या दादा विमान घेत नाहीये. दुसऱ्यांची चार्टर विमानं ग्रुप्सना बुक करून देतोय, कमिशनवर. कोणता ग्रुप कधी जातो, परतीला कोण मिळतं, सगळं वहीत. पहिल्या सीझनला फेऱ्या झाल्या अकरा. लक्ष्य २४०.

तुमच्या डोक्यातही कॅफे, होमस्टे, स्टुडिओ असं काही घोळत असेल, तर एक कॉलम नक्की टाका : 'एकही गिऱ्हाईक आलं नाही, त्या दिवसाचा खर्च'. तो आकडा बघून झोप लागली, तर बिनधास्त उडा.

बाग अजून मामाचीच आहे. यंदा काजू बरा आलाय.