कोंबडीच्या मांसाचें वावडें व त्याची पारख

आमच्या नंदाखाल गांवांत, किंबहुना वसईच्या सर्वच पट्ट्यांत, वाडी तेथें कोंबडी हा जुना शिरस्ता आहे. केळी, पानवेल, फुलझाडें आणि भाजीपाला यांची निगा राखतां राखतां परसांत दहावीस पक्षी सांभाळणें कोणास जड जात नाहीं. नाताळ असो, लग्न असो, कीं अवचित आलेला पाहुणा असो, कोंबडीवांचून पान पुरें होत नाहीं. अशा मुलखांत "मला कोंबडी सोसत नाहीं" असें कोणी म्हटलें तर ऐकणारे हंसतात आणि तो नुसता खाण्याचा नखरा समजतात. तो नखरा नसूं शकतो, आणि हंसण्यावारी नेल्यास जिवावर बेतूं शकतें, हें आम्हांस स्वतःच्या घरांत पाहावें लागलें. म्हणून हा लेख.

आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. आम्ही डॉक्टर नव्हों. परंतु या प्रकरणाचा छडा लागेपर्यंत आम्हांस जें विचारावें, वाचावें व पाहावें लागलें, तें आमच्या शेतकरी बांधवांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

घडलेली हकीकत

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं लग्नानंतर परसांत पंचवीस कोंबड्या पाळल्या. अंड्यांचे पैसे तिच्या हातीं येत व त्यांतून घरचा किरकोळ खर्च भागे. दुसऱ्या वर्षीं खुराडें झाडतांना तिला सटासट शिंका येऊं लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. आम्हीं तें सर्दीवर घातलें. पुढें कांहीं महिन्यांनीं अर्धवट शिजलेलें अंडें खाल्लें कीं ओठांस व घशास खाज सुटे. त्याकडेही दुर्लक्ष झालें. मग एका लग्नाच्या जेवणांत विस्तवावर भाजलेले, हाडाजवळ लालसर राहिलेले कोंबडीचे तुकडे तिनें खाल्ले. अर्ध्या तासाच्या आंत सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास कोंडूं लागला. जवळच्या दवाखान्यांत वेळेवर सुई मिळाली म्हणून ती वांचली.

यापुढचा भाग लाजिरवाणा आहे. कोणीतरी एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला. तेथें रक्त घेऊन शेंदीडशें पदार्थांची लांबलचक यादी हातीं ठेवण्यांत आली. तींत तांदूळ, नारळ, केळें, दूध, मासे, सर्व वर्ज्य! सूनबाई त्या वेळीं अंगावर पाजत होती. चार महिने तिनें ती यादी निष्ठेनें पाळली व ती वाळून काडी झाली. मुलाचेंही वजन वाढेना. शेवटीं मुंबईच्या एका जाणत्या डॉक्टरांनीं यादी बाजूस सारून अर्धा तास नुसतें ऐकून घेतलें, आणि मग मोजक्या चाचण्या करून खरें कारण दाखविलें. तें कारण केळ्यांत वा तांदुळांत नव्हतें, खुराड्यांत होतें.

वावडें म्हणजे काय

एखादा पदार्थ न पचणें निराळें आणि त्याचें वावडें असणें निराळें. ज्यास अॅलर्जी म्हणतात त्यांत शरीराची रक्षकशक्ति निरुपद्रवी वस्तूस शत्रु समजून तिच्यावर उठते. "अॅलर्जी" हा शब्द व्हिएन्ना येथील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं बनविला. १९२१ सालीं जर्मनींत प्राउस्निट्स व क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनीं एक नामी प्रयोग केला. क्यूस्टनर यांस शिजविलेल्या माशांचें वावडें होतें. त्यांच्या रक्ताचा पाण्यासारखा अंश प्राउस्निट्स यांच्या कातडींत टोंचला आणि दुसऱ्या दिवशीं त्या जागीं माशाचा अर्क घालतांच तेथें गांधी उठली. यावरून वावड्याचें मूळ रक्तांत फिरणाऱ्या कांहीं द्रव्यांत आहे हें सिद्ध झालें. तें द्रव्य म्हणजे आय-जी-ई नांवाचें प्रतिपिंड. तें १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नींनीं व स्वीडनमध्यें योहान्सन आणि बेनिक यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें.

हीं प्रतिपिंडें कातडींतील व श्लेष्मल त्वचेंतील विशिष्ट पेशींस चिकटून बसतात. ठरावीक प्रथिन आंत शिरलें कीं त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन वगैरे द्रव्यें सोडतात. त्यामुळें खाज, गांधी, सूज, ओकारी, पोटांत मुरडा व धाप हीं लक्षणें बहुधा दोन तासांच्या आंत, पुष्कळदां कांहीं मिनिटांतच दिसतात.

कोंबडीच्या वावड्याचे प्रकार

कोंबडीच्या मांसाचें वावडें दुर्मिळ आहे. अंडें, दूध, कोळंबी, शेंगदाणा यांच्या मानानें तें फार थोड्यांस होतें. त्याचे प्रकार ओळखणें मात्र अगत्याचें आहे, कारण प्रत्येकाचें पथ्य वेगळें.

पहिला प्रकार पिसांतून अंड्याकडे व अंड्यांतून मांसाकडे जाणारा. पक्ष्याच्या रक्तांत अल्ब्युमिन नांवाचें एक प्रथिन असतें. तेंच पिसांच्या व विष्ठेच्या धुळींत, अंड्याच्या पिवळ्या बलकांत आणि मांसांतही सांपडतें. वर्षानुवर्षें ती धूळ श्वासावाटें घेणाऱ्या माणसाचें शरीर प्रथम त्या धुळीवर उठतें व पुढें बलक आणि मांस यांवरही उठूं लागतें. हा प्रकार बहुधा प्रौढांत, त्यांतही स्त्रियांत अधिक आढळतो. पोपट व कबुतरें पाळणाऱ्यांसही तो होतो. हें प्रथिन उष्णतेनें बरेंच निकामी होतें. म्हणून कच्चा बलक व अर्धकच्चें मांस यांनीं त्रास होतो, पण रटरटून शिजविलेला रस्सा अशांतील अनेकांस सोसतो. आमच्या सूनबाईचा प्रकार हाच.

दुसरा प्रकार खुद्द मांसाचा. यांत पक्ष्यांच्या सहवासाची आवश्यकता नाहीं. स्नायूंतील कांहीं प्रथिनें शिजवूनही टिकतात आणि तीं या वावड्याचें कारण होतात. हा प्रकार पुष्कळदां तरुण वयांत उघड होतो. अशा माणसास टर्की पक्ष्याचें मांसही बहुधा चालत नाहीं. बदक व हंस यांच्या मांसाचा त्रास त्या मानानें कमी होतो, तथापि चाचणीवांचून तेंही खाऊं नये.

तिसरा प्रकार आमच्या किनाऱ्यावरील लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. माशांच्या व कोंबडीच्या स्नायूंत पार्व्हाल्ब्युमिन, एनोलेझ व आल्डोलेझ हीं एकमेकांशीं मिळतीजुळतीं प्रथिनें असतात. त्यामुळें ज्यास माशांचें वावडें आहे अशा कांहीं थोड्या लोकांस कोंबडीही सोसत नाहीं. म्हणून मासे सोसत नसतील तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

गैरसमज

लहान मुलांस होणारें अंड्याचें वावडें बहुधा पांढऱ्या भागांतील प्रथिनांचें असतें. अशीं बहुतेक मुलें कोंबडीचें मांस सुखानें खाऊं शकतात, व त्यांपैकीं पुष्कळांचें वावडें वाढत्या वयांत जातें. अंडें सोसत नाहीं म्हणून मांसही तोडणें हें बहुधा अकारण असतें.

शिळ्या वा नीट न शिजलेल्या मांसानें होणारी विषबाधा ही अॅलर्जी नव्हे. तींत ताप व जुलाब होतात, आणि एकाच पंक्तींत जेवलेले अनेक जण आजारी पडतात.

कित्येकदां अपराधी कोंबडी नसून मसाला असतो. आमच्याकडे वर्षाचा मसाला कुटतात त्यांत तीळ, मोहरी, खसखस असे पुष्कळ जिन्नस पडतात, आणि तीळ व मोहरी हीं दोन्ही वावड्याचीं प्रसिद्ध कारणें आहेत. ज्या कढईंत आधीं कोळंबी तळली तिच्यांतच कोंबडी परतल्यासही घोटाळा होतो.

मटण, डुकराचें मांस वा गोमांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनीं गांधी उठत असतील तर तें प्रकरण वेगळें. तें गोचीड चावल्यानंतर उद्भवूं शकतें, हें २००९ च्या सुमारास अमेरिकेंत उघड झालें. त्यांत कोंबडी मात्र चालते.

पारख कशी करावी

महसुली चौकशींत प्रथम जबाब, मग स्थळपाहणी, मग दप्तर, असा क्रम असतो. निदानाचाही क्रम असाच आहे.

पहिली पायरी जबाबाची. काय खाल्लें, किती खाल्लें, कच्चें कीं शिजलेलें, कोणता मसाला, किती मिनिटांनीं त्रास झाला, तो किती वेळ राहिला, पूर्वीं असें झालें होतें काय, घरीं पक्षी आहेत काय, मासे व अंडीं सोसतात काय, हें सर्व तारीखवार लिहून न्यावें. आमच्या सूनबाईनें खुराड्यांतल्या शिंकांची गोष्ट सांगितली नसती तर निदान लांबलें असतें.

दुसरी पायरी कातडीच्या चाचणीची. हाताच्या आंतल्या बाजूस अर्काचा थेंब ठेवून त्यांतून बारीक सुईनें कातडीस नुसतें टोंचतात. पंधरा ते वीस मिनिटांनीं तेथें उठलेल्या गांधीचा व्यास मोजतात. नुसत्या क्षारजलाच्या थेंबापेक्षां तो तीन मिलिमीटर वा अधिक भरला तर चाचणी होकारार्थी धरतात. तयार अर्कांत कांहीं प्रथिनें कमी पडण्याचा संभव असल्यामुळें कच्च्या व शिजविलेल्या मांसांत सुई टोंचून तीच कातडीस लावण्याचीही रीत आहे. पिसें व बलक यांचीही चाचणी याच वेळीं करतात. खाजेच्या गोळ्या चाचणीपूर्वीं कांहीं दिवस, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें, बंद ठेवाव्या लागतात. एरवीं निकाल खोटा येतो.

तिसरी पायरी रक्ताची. यांत ठरावीक पदार्थाविरुद्ध आय-जी-ई किती आहे तें मोजतात. परंतु येथें सावध असावें. सात-बारावर पीक लिहिलेलें असलें म्हणून शेतांत तें उभें असतेंच असें नाहीं, हें आम्हां शेतकऱ्यांस सांगावयास नको. रक्तांतील नोंदीचेंही तसेंच. कर्नाटकांत प्रौढांची जी मोठी पाहणी झाली व २०१६ सालीं प्रसिद्ध झाली, तींत सुमारें २६ टक्के लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडें आढळलीं, पण खरें वावडें संभवतें असे लोक निघाले अवघे एक टक्क्याच्या आसपास. नोंद असणें म्हणजे रोग असणें नव्हे. जबाबाशीं जुळते तीच नोंद ग्राह्य धरावी.

चौथी व निर्णायक पायरी प्रत्यक्ष खाऊन पाहण्याची. इस्पितळांत, सुई व प्राणवायु हाताशीं ठेवून, अगदीं अल्प प्रमाणापासून चढत्या क्रमानें तो पदार्थ देतात व कांहीं तास लक्ष ठेवतात. अधिक काटेकोर रीतींत कोणत्या घांसांत मांस आहे हें रोग्यास व देणाऱ्यासही ठाऊक नसतें. आमच्या सूनबाईस याच रीतीनें पूर्ण शिजविलेलें मांस देण्यांत आलें व तें तिला सोसलें. हा प्रयोग घरीं कदापि करूं नये.

ज्या यादीनें आमच्या घरांत चार महिने उपास घडविले, ती आय-जी-जी नांवाच्या निराळ्याच प्रतिपिंडांची होती. हीं प्रतिपिंडें अन्न खाणाऱ्या निरोगी माणसांतही तयार होतात. त्यांवरून वावड्याचें निदान करूं नये, असें युरोपांतील अॅलर्जी-तज्ज्ञांच्या संस्थेनें २००८ सालींच स्पष्ट केलें आहे. केसांवरून वावडें सांगणाऱ्यांचाही भरंवसा धरूं नये.

पथ्य व तातडीचा उपाय

निदान झाल्यावर ठरलेला पदार्थ टाळणें हेंच मुख्य औषध. रस्सा, सूप व बाहेरचे खिम्याचे पदार्थ यांतही कोंबडी असते हें विसरूं नये. खुद्द मांसाचें वावडें असणाऱ्यांनीं कितीही शिजवलें तरी धोका पत्करूं नये.

धाप लागली, आवाज बसला, चक्कर आली किंवा गांधींबरोबर ओकाऱ्या सुरू झाल्या तर तो प्राणसंकटाचा इशारा समजावा. यावर अॅड्रेनलिनची सुई मांडीच्या बाहेरील स्नायूंत देणें हाच पहिला उपाय आहे. नुसत्या खाजेच्या गोळीवर वेळ दवडूं नये. रोग्यास आडवें निजवून पाय उंच ठेवावे. फारच धाप असल्यास टेकून बसवावें, पण उभें करूं नये वा चालवूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यास एकदां असा झटका आला त्यानें ही सुई घरीं ठेवावी काय, व ती कोणी कशी द्यावी, हें डॉक्टरांकडून शिकून घ्यावें.

पक्षी पाळणाऱ्यांस दोन शब्द

खुराडें कोरडें झाडूं नये. आधीं पाणी शिंपडावें, नाकातोंडास चांगली पट्टी बांधावी, काम होतांच कपडे बदलावे. कोंबडी सोलतांना पिसें कोरडीं उपटण्यापेक्षां गरम पाण्यांत बुचकळून उपटावीं, म्हणजे धूळ उडत नाहीं. घर व खुराडें यांत अंतर ठेवावें. खोकला व धाप महिनोन्महिने टिकली तर छाती तपासून घ्यावी. पक्ष्यांच्या धुळीनें फुप्फुसें घट्ट होण्याचा एक स्वतंत्र विकार आहे. मुंबईंत २०२५ सालीं कबुतरखान्यांवरून जो वाद माजला त्याच्या मुळाशीं हीच भीति होती.

आमच्या परसांतल्या कोंबड्या आम्हीं शेजाऱ्यांस देऊन टाकल्या. त्या दिवशीं सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि तें धुळीचें नव्हतें. स्वतःच्या कष्टाची मिळकत होती ती. पुढें तिनें त्याच जागीं मोगरा लावला. आतां ती भात, मासे, केळीं सर्व खाते, नीट शिजलेली कोंबडीही खाते, आणि नातू अंगानें भरला आहे. आमच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, घरांत कोणी "मला हें सोसत नाहीं" म्हणेल तर हंसूं नये आणि घाबरून सर्व अन्नही तोडूं नये. जबाब नीट लिहून घ्यावा व जाणत्याकडे न्यावा.