शाळेच्या फाटकाआतली जाहिरात

पालकांनो, घरी टीव्हीवरची जाहिरात आपण बटण दाबून बंद करू शकतो. पण तीच जाहिरात शाळेच्या क्रीडास्पर्धेच्या फलकावर, बक्षिसाच्या पिशवीवर किंवा वेळापत्रकाच्या तक्त्यावर आली तर? लहान मुलांना, विशेषतः आठ वर्षांखालील, जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू नीटसा कळत नाही. त्यातून ती शाळेत दिसली की मुलाला वाटते, हे बाईंना पसंत असणारच! हा विश्वास भाड्याने देणे मला गैर वाटते.

पनवेलमधील एका पालकसभेत मी हे बोललो, तेव्हा एक शिक्षक म्हणाले, "डॉक्टर, मंडपाचा खर्च मग कोण देणार?" अडचण खरी आहे. पण हा खर्च शेवटी मुलांच्या दातांवर आणि वजनावर पडतो.

हिशेब पाहा. कोला पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज १७०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला ५ टक्क्यांच्या हिशेबाने जेमतेम २१ ग्रॅम साखर चालते. एका बाटलीतच ती मर्यादा ओलांडली जाते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. पुढे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार जास्त मेद, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांची विक्रीच नव्हे, तर जाहिरात आणि फुकट वाटपही शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरांत करता येत नाही.

मग आपण काय करावे?

१) पालक-शिक्षक सभेत विचारा: यंदाच्या कार्यक्रमाचा प्रायोजक कोण?

२) खाद्यकंपनीऐवजी गावातील पुस्तकविक्रेते, माजी विद्यार्थी यांच्याकडे मदत मागा.

३) बक्षीस म्हणून शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू द्या. उन्हाळ्यात करवंदे-जांभळे आहेतच.

४) सांगूनही फलक उतरला नाही, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

मुलांना मात्र रागावू नका. चूक त्यांच्या जिभेची नाही. फलक लावू देणाऱ्या मोठ्यांची आहे.