फायटिंग गेम खेळून करिअर होतं का? टेकन आणि स्ट्रीट फायटरच्या प्रो खेळाडूचं खरं गणित



टेकन ८ किंवा स्ट्रीट फायटर ६ च्या क्लिप्स तुमच्या फीडमध्ये येत असतीलच. दोन खेळाडू समोरासमोर, मागे ओरडणारी गर्दी आणि शेवटी कुणीतरी लाखो डॉलर जिंकतो. मग मनात येतंच, हे आपल्यालाही जमेल का?

भोकरदनमध्ये माझं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. "तुझी बोटं फास्ट आहेत का?" असं विचारून याचं उत्तर मिळत नाही. तुम्ही सराव कुणाबरोबर करता, हे आधी विचारावं लागतं. असं का, ते आज बघू.

फायटिंग गेम म्हणजे नेमकं काय?

तुमच्या मोठ्या भावाने किंवा काकाने व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' खेळलेला असेल. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण तो फायटिंग गेम नाही, कारण त्यात आपण कॉम्प्युटरच्या टोळीला मारत पुढे जातो. फायटिंग गेममध्ये समोर एकच माणूस असतो आणि त्याच्याकडेही तुमच्याइतकीच ताकद असते. टीम नसते आणि नशिबाने मिळणारी बंदूकही नसते. हरलात तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही जत्रेतली कुस्ती आहे. प्रत्येक डावाला प्रतिडाव असतो. समोरचा ब्लॉक करून बसला तर त्याला पकडून फेकायचं (थ्रो). तो थ्रो सोडवायच्या तयारीत असेल तर वेगळा वार करायचा. तो वार कुठला, हे त्याने ओळखलं की डाव तुमच्यावर उलटतो.

फ्रेम: इथला वेळ सेकंदात मोजत नाहीत

हे गेम एका सेकंदाला ६० फ्रेम्सने चालतात. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: वार सुरू व्हायला लागणारा वेळ, तो लागू शकतो तेवढा वेळ आणि नंतर हात मागे घ्यायला लागणारा वेळ.

टेकनमध्ये सर्वात जलद साधा ठोसा १० फ्रेम्सचा असतो, स्ट्रीट फायटर ६ मध्ये ४ फ्रेम्सचा. माणसाला डोळ्यांनी बघून बटण दाबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम्स. थोडक्यात, ४ फ्रेम्सचा ठोसा बघून अडवणं कुणालाच शक्य नाही, जगज्जेत्यालाही नाही.

मग ते अडवतात कसे? आधीच ओळखून. समोरचा या अंतरावर, या क्षणी काय करेल याचा अंदाज बांधून. हा अंदाज हजारो लढतींतून येतो आणि त्या लढतीही वेगवेगळ्या माणसांशी व्हाव्या लागतात.

याचा पुरावा बघा. हांगझोऊची आशियाई क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये झाली. तिथे स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं. तेव्हा त्याचं वय होतं ४४! 'गेमिंग म्हणजे विशीतल्या पोरांचं काम' म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा.

स्पर्धा कशी होते?

या खेळाची सर्वात मानाची स्पर्धा म्हणजे ईव्हो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ती लहान प्रमाणात सुरू झाली. तिची खासियत म्हणजे ती खुली असते. प्रवेश फी भरली की कुणीही नाव देऊ शकतो. जत्रेच्या फडात जसा कुठल्याही गावचा पैलवान उतरतो, अगदी तसं.

पहिल्यांदा हरलात की तुम्ही खालच्या गटात जाता. दुसऱ्यांदा हरलात की बाहेर. म्हणजे हजारो रुपयांचं तिकीट काढून गेलेला माणूस दोन हरलेल्या लढतींनंतर अर्ध्या तासात मोकळा होऊ शकतो. करिअरचा विचार करताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, कारण बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत हेच होतं.

डायगो: सर्वात प्रसिद्ध खेळाडूनेही खेळ सोडला होता

जपानचा डायगो उमेहारा हे या खेळातलं सर्वात मोठं नाव. २००४ च्या ईव्होमध्ये त्याची लढत अमेरिकेच्या जस्टिन वाँगशी होती. डायगोची लाइफ जवळजवळ संपलेली. साधा ब्लॉक केला असता तरी थोडं नुकसान होऊन तो हरला असता. समोरून एका सुपर मूव्हचे १५ वार आले. डायगोने प्रत्येक वार अचूक क्षणी जॉयस्टिक पुढे ढकलून परतवला आणि लढत जिंकली. आजही हा व्हिडिओ लोक बघतात.

पण दोन गोष्टी त्या व्हिडिओत दिसत नाहीत. एक, ती स्पर्धा डायगो जिंकला नाही, अंतिम फेरीत तो हरला. दोन, पुढे त्याने गेम सोडून दिले. काही काळ तो जपानी माजाँग खेळाकडे वळला, मग वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत नोकरी केली. कारण तेव्हा या खेळात पोट भरेल असा पैसाच नव्हता. स्ट्रीट फायटर ४ आल्यावर तो परतला, २००९ आणि २०१० ची ईव्हो जिंकला. २०१० मध्ये गेमिंगचं साहित्य बनवणाऱ्या मॅड कॅट्झ कंपनीने त्याला करारबद्ध केलं. म्हणजे जगातल्या सर्वात नावाजलेल्या खेळाडूलाही वर्षानुवर्षं दुसऱ्या कामावर जगावं लागलं.

अर्सलान ऐश: लाहोरची तालीम

आता आपल्या परिस्थितीच्या जवळचं उदाहरण. अर्सलान सिद्दीक, म्हणजे अर्सलान ऐश, पाकिस्तानातल्या लाहोरचा. २०१९ च्या आधी टेकनमध्ये कोरियाचा दबदबा होता. पाकिस्तानचं नाव कुणी घेत नव्हतं. तिथून बाहेर जायला व्हिसा अवघड आणि पैसे कमी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्सलान अनेक विमानं बदलत जपानला पोचला आणि ईव्हो जपान जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासची मुख्य ईव्होही जिंकला. जिंकल्यावर त्याने सांगितलं की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. अनेकांना ही फुशारकी वाटली. कोरियाचा दिग्गज नी मात्र खरं-खोटं बघायला स्वतः पाकिस्तानला गेला. तिथल्या पोरांशी खेळल्यावर त्याला कळलं की अर्सलान खरं बोलत होता. पुढे त्याच देशाचा आतिफ बट टेकन वर्ल्ड टूरचा विजेता झाला.

हे जमलं कसं? लाहोरमध्ये ही पोरं आर्केडमध्ये जमून रोज एकमेकांशी खेळायची. हरणाऱ्याला जिंकणारा समोरासमोर चूक दाखवायचा. म्हणजे तालीमच! वस्ताद आणि जोडीदार दोन्ही एकाच ठिकाणी. अर्सलान स्टेजवर एकटा दिसतो, पण त्याच्या मागे असे कितीतरी हात आहेत.

त्याने २०२३ ची ईव्हो टेकन ७ वर जिंकली आणि २०२४ ची टेकन ८ वर. हेही नीट समजून घ्या. प्रो खेळाडूचा खेळच मधेच बदलतो. नवा भाग येतो, अपडेट येतं, तुमच्या आवडत्या पात्राचा हुकमी वार कमजोर होतो. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांचीच राहते, इथे मैदानच बदलतं.

पैसा नेमका कुठून येतो?

२०२४ च्या कॅपकॉम कपमध्ये पहिलं बक्षीस १० लाख डॉलर होतं, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ८ कोटी रुपये. ते तैवानच्या ऊमाने जिंकलं. त्याच वर्षी रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ साठी प्रत्येकी १० लाख डॉलरची एकूण बक्षिसं होती.

आकडे मोठे आहेत, पण ते वरच्या मोजक्या लोकांत वाटले जातात. नियमित कमाईचे मार्ग वेगळे:

- टीमचा पगार किंवा प्रायोजक. अर्सलानला रेड बुलने साथ दिली.
- यूट्यूब आणि लाइव्ह स्ट्रीम
- नव्या खेळाडूंना कोचिंग
- स्पर्धांमध्ये कॉमेंट्री आणि आयोजनाचं काम

म्हणजे फक्त जिंकून चालत नाही. लोकांनी तुम्हाला ओळखलंही पाहिजे.

इंटरनेटवर सराव केला तर?

इथे तंत्रज्ञान कामाला येतं. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत गेम थांबायचा. १०० मिलिसेकंद उशीर म्हणजे ६ फ्रेम्स गेल्या! मग टोनी कॅनन या प्रोग्रामरने जीजीपीओ नावाची प्रणाली बनवली. ईव्होच्या संस्थापकांपैकीही तो एक. या तंत्राला रोलबॅक म्हणतात. यात गेम थांबत नाही. समोरचा आता जे करतोय तेच पुढे करेल असा अंदाज धरून गेम चालू राहतो. अंदाज चुकला तर काही फ्रेम्स मागे जाऊन क्षणात दुरुस्त होतो.

त्यामुळे भोकरदनहून मुंबई-पुण्याच्या खेळाडूशी नीट सराव होऊ शकतो. फक्त मोबाइल हॉटस्पॉट टाळा. तिथे पिंग सतत वर-खाली होतं आणि रोलबॅकचा अंदाज सारखा चुकतो. ब्रॉडबँड घ्या आणि राउटरपासून केबल थेट लावा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडला तर इंटरनेट चालू राहतं.

भारतात काय स्थिती आहे?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा प्रकारांचा भाग मानून क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. हांगझोऊला स्ट्रीट फायटरसाठी भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास गेले होते. म्हणजे वाट आहे, पण अरुंद आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमना बंदी आहे आणि ईस्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे. स्पर्धेची प्रवेश फी आणि कामगिरीवरचं बक्षीस यात बसतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "दोघं पाचशे-पाचशे लावू, जिंकेल त्याचे हजार" म्हणालं तर तो ईस्पोर्ट नाही, जुगार आहे. लांब राहा.

मग आपण काय करायचं?

मागच्या उन्हाळ्यात एका पोराचे वडील दुकानात आले. पोराला बारावीनंतर कॉलेज सोडून हप्त्यावर प्लेस्टेशन ५ हवं होतं. म्हणजे पन्नास-पंचावन्न हजारांचं कर्ज. वडिलांनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला यातलं कळतं. द्यावं का घेऊन?" पोरगा बाजूला मान खाली घालून उभा होता. मी त्याला म्हणालो, "आधी मला तुझे पाच जोडीदार दाखव. रोज खेळणारे, तुला हरवणारे. ते मिळाले की मशीनचं बघू. आणि कॉलेज सोडायचं नाही." तो रागावला, पण महिनाभरात त्याने जाफराबाद आणि सिल्लोडकडचे तिघं शोधून काढले. सध्या ते एका मित्राच्या कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळतात.

कॉलेजबद्दल मी उगाच बोललो नाही. २०१७ ची ईव्हो जिंकणारा टोकिडो टोकियो विद्यापीठाचा पदवीधर आहे. हातात पदवी असली म्हणून खेळ अडत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर:

१. स्ट्रीट फायटर ६ चा डेमो फुकट आहे. आधी तो खेळून बघा. कंट्रोलर साधा असला तरी चालतो.

२. एकच पात्र निवडा आणि किमान सहा महिने तेच खेळा.

३. मोबाइलचा उपयोग अभ्यासासाठी करा. मोठ्या स्पर्धांचे ६० एफपीएसचे व्हिडिओ यूट्यूबवर ०.२५ स्पीडने बघा. कॉम्प्युटर असेल तर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबा. व्हिडिओ एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतो.

४. हरलेल्या लढतीचा रिप्ले त्याच दिवशी बघा. कुठल्या वाराने हरलो ते वहीत लिहा.

५. आजूबाजूच्या गावांतले पाच-सहा जण गोळा करा आणि दर रविवारी स्पर्धा भरवा. पैसे लावायचे नाहीत.

६. पासपोर्ट काढून ठेवा. संधी आली की वेळ त्यातच जातो.

स्वतःला दोन वर्षं द्या, पण शिक्षण किंवा काम सांभाळून. दोन वर्षांनी राज्याबाहेरच्या खुल्या स्पर्धेत जाऊन बघा, किती लढती टिकता. टिकलात तर पुढचा विचार करा. नाही टिकलात तरी कॉमेंट्री, आयोजन, व्हिडिओ एडिटिंग, नेटवर्किंग यातलं काहीतरी हाताला लागलेलं असेल, आणि आपल्या तालुक्यात एक तालीम उभी राहिलेली असेल. तिथे कदाचित तुमच्यापेक्षा लहान एखादा पोरगा रविवारी रविवारी तुम्हाला हरवायला लागला असेल. त्याला त्याची चूक आणि तुमची चूक, दोन्ही दाखवा.