जलसुरक्षा शिक्षण
बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी पाण्याचे धोके, पोहणे, बचाव व प्रथमोपचार यांविषयी दिले जाणारे लोकशिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. ३ लाख लोक बुडून मृत्यू पावले. त्यांपैकी बहुसंख्य अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिन ठरविला.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत पाण्याशी लोकांचा संबंध नित्याचा आहे. धीवर लोक नद्यांत व माजी मालगुजारी तलावांत मासेमारी करतात व शिंगाडे पिकवितात. पुष्कळ गावकरी डोंग्याने वा नावेने नदी ओलांडतात. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीस निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटून जीवितहानी झाली. पावसाळ्याबाहेरही धोका असतो, हे यावरून दिसते.

परंपरेने आलेली पाण्याची जाण मोलाची असली, तरी ती नदीच्या नैसर्गिक वर्तनावर आधारलेली असते. गोसीखुर्द धरणातून विसर्ग वाढल्यास स्थानिक पाऊस नसतानाही वैनगंगा फुगते. भामरागड येथे इंद्रावतीच्या पुराच्या फुगवट्याने पर्लकोटेचे पाणी चढते. तलावाचा तळ बहुधा हळूहळू उतरत जातो; उलट पाणी साचलेल्या जुन्या कोळसा खाणीचा काठ एकदम तुटतो. म्हणून जुन्या खुणांना नव्या सूचनांची जोड आवश्यक ठरते.

या सूचना लोकांच्या भाषेत हव्यात. या भागात मराठीच्या झाडी बोलीबरोबरच माडिया व गोंडी, सिरोंचा भागात तेलुगू, तर पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. माडिया गावांतील गोटुल, ग्रामसभा, आठवडी बाजार व आश्रमशाळा ही शिक्षणाची स्वाभाविक केंद्रे होत. अनुभवी धीवर व नावाडी यांना प्रशिक्षण देऊन शिक्षक नेमणे उपयुक्त ठरते. शेतीच्या कामांच्या दिवसांत लहान मुलांचा सांभाळ अंगणवाडीत होणे, हाही प्रतिबंधाचाच भाग होय.

बुडणाऱ्याच्या मदतीस प्रशिक्षणाविना पाण्यात उडी न घेता काठावरून बांबू, दोर किंवा लुगडे पुढे करावे. रिकामा बंद डबाही तरंगण्यास उपयोगी पडतो. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबणे किंवा तिला उलटे धरून फिरविणे, हे उपाय घातक आहेत. त्यांत वेळ जातो आणि पोटातील पाणी श्वासमार्गात शिरू शकते. श्वास थांबला असल्यास तत्काळ तोंडाने श्वास द्यावा, प्रतिसाद नसल्यास छातीवर दाब देण्यास आरंभ करावा व रुग्णालयात न्यावे.