धुराडे बसवले, पण धूर बाहेर जातो का?

१ जूनपासून मासेमारी थांबते, सातपाटीच्या किनाऱ्यावर होड्या शाकारल्या जातात आणि माणसे घरात राहू लागतात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्यांवर प्लास्टिक चढते. सरपण ओले असते आणि चूल मात्र जास्त वेळ पेटते. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. अंघोळीचे पाणी, तांदळाची भाकरी, निखाऱ्यावर भाजायचे सुके बोंबील यांसाठी अनेक घरांत अजून चूलच लागते. आतल्या पाड्यांवरही वेगळी स्थिती नाही. घरात सर्वाधिक धूर साठण्याचे दिवस हेच.

या धुराने नुसते डोळे चुरचुरतात असे नाही. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. लहान मुलांचा न्यूमोनिया, बाळाचे कमी वजन, मोतीबिंदू आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हाच मुद्दा मांडला होता : सीओपीडी केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला दोन जिने चढताना धाप लागते, त्यामागे अनेकदा चुलीपुढे बसून काढलेली वर्षे असतात.

गॅसवर स्वयंपाक हा सर्वांत सुरक्षित मार्ग. पण जिथे चूल राहणारच आहे, तिथे धुराडे नीट बसवणे हा आरोग्याचाच भाग आहे.

धूर वर का चढतो?

गरम हवा हलकी असते. ती नळीतून वर चढते आणि तिच्या जागी खोलीतली हवा चुलीत ओढली जाते. जुन्या तांब्याच्या बंबाच्या मधोमध असलेली नळी याच तत्त्वावर चालते. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल, पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची लक्ष्मी चूल, यांनाही हाच आधार. मात्र नळी थंड, तुंबलेली किंवा आखूड असेल, तर ही ओढ मंदावते आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात परततो.

बसवताना काय पाहावे?

• पाइप शक्यतो सरळ वर न्यावा. वळण लागलेच तर काटकोनात नको, तिरके द्यावे. आडवा भाग आखूड आणि वर चढता असावा.

• छपरातून बाहेर पडल्यावर पाइप किमान तीन फूट उंच असावा आणि दहा फुटांच्या आतील कोणत्याही आढ्यापेक्षा किंवा भिंतीपेक्षा दोन फूट वर. दाटीच्या कोळीवाड्यात हे फार महत्त्वाचे. नाहीतर आपला धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो.

• एकेरी पत्र्याचा पाइप लाकडी वासे, झावळ्या, ताडपत्री यांपासून किमान दीड फूट दूर हवा. छपरातून जाताना भोवती पत्र्याचे मोठे कडे आणि मोकळी जागा ठेवावी. पावसाळ्यात छपरावर घातलेले प्लास्टिक पाइपला टेकले, तर आग लागू शकते.

• नळाचा पीव्हीसी पाइप कधीही वापरू नये. तो वितळतो आणि विषारी वायू सोडतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा जुना पाइप घरात कापू नये; त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

• वर पावसाची टोपी हवी, पण तोंड दाबणारी नको.

• चूल पेटत असताना एक खिडकी किंवा दाराची फट उघडी हवी. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत आलीच पाहिजे.

पारख सोपी आहे. चूल पेटल्यावर तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर धुराडे चालते. खोलीकडे वळला तर कुठेतरी चुकले आहे.

समुद्रकाठची अडचण

खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. गंजलेल्या पाइपला बारीक भोके पडतात आणि धूर माळ्यावर झिरपतो. खाली कुणाला पत्ताही लागत नाही. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा पाइप टिकाऊ. भरतीबरोबर वाहून आलेले लाकूड फुकट मिळते, पण त्यात मीठ मुरलेले असते. ते जळताना निघणारे क्षार पाइप खातात आणि डायॉक्सिनसारखी घातक रसायनेही तयार होऊ शकतात. जुन्या होडीच्या रंगवलेल्या फळ्या आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे तर चुलीत घालूच नयेत.

खरी कसोटी नंतर

ग्वाटेमालातील एका चाचणीत धुराड्याच्या चुली दिलेल्या घरांतील लहान मुलांचा धुराशी संपर्क सुमारे निम्म्याने घटला आणि तीव्र न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी झाला. ओडिशात एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी चार वर्षे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र उलटा आहे. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. घरांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि दुरुस्तीही केली नाही. १९८३ पासून देशभर तीन कोटींहून अधिक सुधारित चुली वाटल्या गेल्या; त्यातल्या कित्येक अशाच मोडून पडल्या.

म्हणून महिन्यातून एकदा, ओले सरपण असेल तर पंधरवड्याने, चूल पूर्ण थंड असताना पाइपमधली काजळी काढावी. होडीची डागडुजी दरवर्षी ठरलेली असते, तशी पाइपचीही असावी. साचलेली काजळी पेट घेते, हा आणखी एक धोका.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

हा समज जीवघेणा ठरू शकतो. रात्री चूल विझत आली की धूर दिसत नाही, पण निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि थंड झालेले धुराडे तो खेचत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातील बंब आणि शहरातील गॅस गीझर यांचा धोकाही हाच. त्यामुळे निखारे घरात ठेवून, दारे लावून झोपू नये.

एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गुंगी येत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर पित्त समजून गोळी घेत बसू नये. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकते, कारण त्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच ‘घरात चूल पेटली होती’ हे आधी सांगावे. उपचाराची दिशा त्या एका वाक्याने ठरते.