वाद्यांच्या दुकानातले १२० तास

२०२५ च्या जानेवारीतील गोष्ट. रात्री जेवणे झाल्यावर आमच्या वस्तीतील एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. गृहस्थ एका सोसायटीत रखवालदार, मुलगी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. त्यांच्या घरात पदवीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. "काका, कॉलेजने १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायला सांगितलंय. सही-शिक्का आणायचाय," ती म्हणाली. वडिलांनी पुढचे सांगितले. कोणी एक जण दोन हजार रुपयांत दाखला द्यायला तयार होता. हजेरीपट, अहवाल, शिक्का, सारे तयार; नाव तेवढे घालायचे. दोन हजार भिशीतून उचलू का, एवढेच त्यांना विचारायचे होते.

वाचकांपैकी ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. कल्पना वाईट नाही. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद सगळे पुस्तकात पाहिले. खरी कीर्दवही हातात आली ती कारकुनाच्या खुर्चीवर बसल्यावर. पण ज्यांच्या मामाची चार्टर्ड अकाउंटंटची कचेरी आहे त्यांची मुले दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. आमच्या मुलांचे मामा नाक्यावर उभे असतात.

ही मुलगी सहा कचेऱ्या फिरून आली होती. एका ठिकाणी स्वतःचा लॅपटॉप आण म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी सकाळी दहा ते संध्याकाळी सात, दोन महिने, बिनपगारी. तिच्या संध्याकाळच्या शिकवण्यांवर घरातले वीजबिल निघते, ते कोणी भरायचे? राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठेवले. परंतु शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नव्हती.

दाखला विकत घेऊ नका, असे आम्ही वडिलांना सांगितले. सांगणे सोपे होते. मग जागा कुठली दाखवायची? रात्रभर विचार केला आणि सकाळी कल्याणच्या जुन्या बाजारातले वाद्यांचे दुकान आठवले. आमच्या मंडळाची ढोलकी आणि पेटी गेली वीस वर्षे तिथेच दुरुस्त होते. दुकान बारा फूट लांब, आठ फूट रुंद. पुढे कीबोर्ड, गिटार, बासऱ्या टांगलेल्या; मागे पोटमाळ्याखाली दुरुस्तीची जागा. मालकांना सगळे चाचा म्हणतात, वय सत्तरीच्या आसपास. मदतीला एक पुतण्या. आम्ही विषय काढला तसे चाचा हसले. "हिशेब लिहील का ती? माझा हिशेब तिकडे आहे," असे म्हणून त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीवर पेन्सिलीने आकडे, नावे, फोन नंबर, काही खोडलेले.

पहिली अडचण कॉलेजात आली. छापील अर्जात जी.एस.टी. क्रमांकाचा रकाना होता. एवढ्या लहान दुकानाला तो नसतो. मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असली तर नोंदणीची सक्ती नाही. मार्गदर्शक बाईंनी अर्ज परत केला. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असे, तिची पावती चाचांकडे होती. उद्यम नोंदणी मोफत असते, ती पुतण्याने मोबाईलवर करून घेतली. हे दोन कागद बाईंनी चालवून घेतले. वाचकहो, हे लक्षात असू द्या. पुष्कळ मुले त्या एका रकान्यापाशी अडून परत फिरतात.

दुसरी अडचण घरातच होती. मुलीची आजी. पंच्याऐंशी वर्षांची, कानाने तिखट. दुकानात ढोलकीला, तबल्याला कातडे चढवतात हे तिला कळले आणि तिने आम्हाला बोलावणे धाडले. "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं वढायचं सोडवलं. माझ्या सासऱ्यानं गावाची बोलणी खाल्ली पर पुन्हा हात लावला न्हाई. आन ही शिकूनसवरून कातड्यात बसनार व्हय?"

आम्ही भाषणे करणारे कार्यकर्ते. आजीला समजावले की, मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते गावाने जन्मावरून लादलेले काम होते. नकार देता येत नव्हता, मोल ठरवता येत नव्हते. चाचांचे काम ही कारागिरी आहे. बकऱ्याचे कमावलेले कातडे ते विकत आणतात, त्याची पुडी करतात, किंमत सांगतात, पटली तर गिऱ्हाईक देते. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हिला किती देनार त्यो?"

आम्ही म्हणालो, हे शिक्षणाचे काम आहे, पैसे नसतात.

"फुकाट? मंग ही वेठच की रं लेकरा."

महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले. आजीचे बालपण त्याच्या आधीचे. वेठ म्हणजे काय हे आम्ही पुस्तकात वाचलेले, तिने अंगणात पाहिलेले. आम्ही त्या दिवशी गप्प उठून आलो. दोन दिवसांनी चाचांकडे जाऊन, संकोच बाजूला ठेवून, पैशाचे विचारले. कॉलेजची तशी अट नव्हती. चाचांनी थोडा वेळ काढला आणि रोजचे शंभर रुपये कबूल केले, शिवाय चहा. चार तासांचे शंभर ही काही मजुरी नव्हे, हे आम्हालाही कळते. पण रिक्षाभाडे सुटले, आणि आजीने होकार दिला.

फेब्रुवारीपासून मुलगी रोज दुपारी दोन ते सहा जाऊ लागली. चार तासांप्रमाणे तीस दिवस. चौदा एप्रिलच्या आधीचे हे दोन महिने म्हणजे या दुकानाची सुगी. गायन पार्ट्या, भजनी मंडळे, बँजोवाले, सगळ्यांची वाद्ये दुरुस्तीला येतात. पहिले चार दिवस तिने भिंतीवरचा हिशेब वहीत उतरवला. पाचव्या दिवशी ती अडली. एका ढोलकीच्या पुडीचे चाचा नऊशे घेत; पण त्यात कातडे किती, वादी किती, शाई किती, हे कुठेच लिहिलेले नव्हते. विचारले तर चाचा म्हणाले, बघ बसून.

म्हणून ती मागे जाऊन बसली. कातडे भिजवून ताणायचे, कडेला गजरा विणायचा, वादी ओवून आवळायची. मग शाई. लोखंडाचा बारीक भुगा खळीत कालवून बोटाने गोल थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घासायचा, सुकू द्यायचा, पुन्हा थर. घाई केली तर पापुद्रा उडतो. घासता घासता शाईला केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या पडल्या नाहीत तर नाद मोकळा होत नाही, असे चाचांनी तिला सांगितले. ती घड्याळ लावून बसली होती. माल साडेपाचशेचा निघाला. राहिले साडेतीनशे, आणि पूर्ण कामाला पाच तासांच्या वर वेळ. तासाला सत्तर रुपयेसुद्धा पडत नव्हते. परिव्यय लेखांकन हा विषय तिला पुस्तकातून कधी एवढा कळला नव्हता, असे ती आमच्या घरी येऊन म्हणाली. तिने वहीतला हिशेब चाचांना दाखवला. त्यांनी पुडीचा भाव अकराशे केला. दोन गिऱ्हाइके भांडली, एक गेले.

पेटीचेही तसेच. पेटीचे पितळी सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, ही पालिताण्याची ख्याती जुनी आहे. पट्टी दाबली की त्या सुराची जीभ हवेने थरथरते. जिभेचे टोक कानशीने किंचित घासले तर सूर चढतो, बुडाशी घासले तर उतरतो. सगळे एका केसाच्या अंतराचे. पहिल्या आठवड्यात तिला फरक ऐकू येत नव्हता. महिन्याभराने कोणती पट्टी बेसूर आहे ते ती पुढच्या टेबलावरून ओळखू लागली. अहवालाच्या छापील नमुन्यात 'मनुष्यबळ विभागाची रचना' असा एक मथळा होता. तिथे तिने चाचा आणि पुतण्या यांची नावे लिहिली. मार्गदर्शक बाई एकदा पाहणीला आल्या, पंधरा मिनिटे थांबणार होत्या, दीड तास थांबल्या.

मार्चमध्ये साठ्याची मोजणी झाली. माळ्यावर एक खोके निघाले, कॅसेटींचे. आम्ही शाळेत होतो तेव्हा याच दुकानातून भीमगीतांच्या कॅसेटी आणायचो. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले, आणि कॅसेटींचा धंदाही साधारण त्याच सुमारास बसला. शिल्लक मालाचे मूल्य खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांत जे कमी असेल ते धरायचे, हा नियम. बाजारभाव शून्य. तिने शून्य लिहिले. चाचांनी वही पाहिली आणि म्हणाले, शून्य लिहू नकोस. नियमात बसत नाही म्हणून ती हटून बसली. शेवटी आम्हाला मध्यस्थीला बोलावले. आम्ही बी.कॉम. असल्याचा पुरेपूर उपयोग करून एक रुपया लिहायला सांगितला. पुष्कळ कचेऱ्यांत घसारा पूर्ण झालेली यंत्रे एक रुपयाने वहीत ठेवतात. दोघांचेही समाधान झाले.

यानंतर तिने उधारीची यादी काढली, आणि इथून पुढचे लिहिणे आम्हाला जड जाते. भिंतीवरचे बहुतेक आकडे उधारीचे होते. यादीत एकोणीस नावे. त्यांतली बारा जयंती मंडळे आणि गायन पार्ट्या, आपलीच. कार्यक्रम झाल्यावर देतो म्हणून ढोलकी नेलेली, आणि कार्यक्रम होऊन दोन-दोन वर्षे झालेली. सातव्या क्रमांकावर आमचे मंडळ होते. ४,३५० रुपये, २०२२ आणि २०२३ मिळून.

त्या मंडळाचे खजिनदार आम्ही. वार्षिक हिशेबात देण्यांच्या बाजूला ही रक्कम आम्ही दाखवलेलीच नव्हती. चिटणीस बदलला, बिल त्याच्या खिशात राहिले, चाचांनी कधी तगादा लावला नाही. कारणे खरी आहेत, पण मुलगी समोर यादी घेऊन उभी असताना त्यांतले एकही तोंडातून निघेना. ती काही बोलली नाही. यादीची प्रत टेबलावर ठेवून चहा करायला आत गेली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत आम्ही ती यादी वाचली. एकाने विचारले, "दुकानदार आपल्याला तोंडावर काही बोलला का?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग जयंतीनंतर बघू." अर्धा तास वाद झाला. डीजेच्या आगाऊ रकमेतून दोन हजार वळते करून आधी चाचांना द्यायचे ठरले, उरलेले बुद्ध पौर्णिमेनंतर.

पैसे घेऊन गेलो तो तिचा शेवटचा दिवस, तिसावा. १२० तास भरले होते. चाचांनी शिक्का मारताना एवढेच म्हटले की, शनिवारी येत राहा, महिन्याचे ठरवून देतो. आणि ती अजून जाते. तिने आमच्याकडून दोन हजार मोजून घेतले, पावतीपुस्तक पुढे ओढले. पावती फाडून हातात दिली. खाली तिच्या अक्षरात लिहिले होते: बाकी येणे रु. २,३५०.