तालीम आणि तालुका (भाग ६) : हमीदा बानूंना जोड मिळाली नाही

यात्रेतल्या कुस्त्यांचा, गावकीच्या वर्गणीचा आणि इनामाच्या रकमेचा विचार मागच्या भागात झाला. आज मुलींच्या कुस्तीकडे वळू. शहापूर-मुरबाडच्या वाचकासाठी ही गोष्ट कल्याणपासून सुरू होते, कारण भारतातल्या पहिल्या नामांकित महिला पैलवान हमीदा बानू यांचं उत्तरायुष्य कल्याणात गेलं. मिर्झापूरकडच्या पैलवानांच्या घरात त्यांचा जन्म झाला आणि अलीगढच्या सलाम पैलवानांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं, मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्त्याच्या मल्लांना त्यांनी पाडलं आणि मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत अस्मान दाखवलं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिन यांना एक मिनिटही टिकता आलं नाही. पुढे युरोपला जायचा बेत ठरला, पण तो पार पडला नाही आणि कुस्ती सुटली. कल्याणात दुधाचा धंदा केला, अखेरच्या काळात रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकून पोट भरलं. १९८६ साली त्या गेल्या. नॉर्वेमध्ये महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा झाली ती १९८७ साली.

ताकद, डाव, हिंमत आणि नाव, यातलं काहीच बाईंकडे कमी नव्हतं. तरीही त्यांची कारकीर्द लग्नाच्या पैजेभोवती फिरत राहिली. याचं कारण लोक सहसा जुन्या काळाच्या कर्मठपणात शोधतात. ते खोटं नाही. कोल्हापुरात पुरुष मल्लाला हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि दगड मारले. पुण्यातली रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती तालीमसंघाच्या विरोधामुळे रद्द झाली. पण एक तपशील मला अधिक बोलका वाटतो. राज्यात आपल्या कुस्त्यांवर बंदी येते म्हणून बाईंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की बंदी त्या बाई आहेत म्हणून नाही; समोर नकली मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. त्या तक्रारी खऱ्या होत्या की द्वेषाच्या, हे आज ठरवता येणार नाही. मात्र त्या खोट्या ठरवायची सोयच बाईंकडे नव्हती, एवढं नक्की. महिलांचा वजनगट नाही, तोलामोलाची जोड नाही, नोंद ठेवणारी स्पर्धा नाही. अशा वेळी खरी जिंकलेली कुस्तीही तमाशाच्या हिशेबात जमा होते. पैलवान घरात जन्मू शकतो, पण कारकीर्द घडायला रोजची जोड आणि वरच्या पायरीची स्पर्धा लागते, असं माझं म्हणणं आहे. आपल्या दोन तालुक्यांत मुलींच्या कुस्तीचा प्रश्न इथेच अडतो.

उलट उदाहरण युक्रेनचं घ्या. कामियानेत्स-पोडिल्स्कीची इरिना मर्लेनी २००४ मध्ये अथेन्सला ४८ किलो गटात जपानच्या चिहारू इचोला हरवून महिला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेली. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली तीच त्या वर्षी. पण मर्लेनी एका रात्रीत आलेली नव्हती. २०००, २००१ आणि २००३ अशी तीनदा ती जगज्जेती झाली होती आणि २००८ मध्ये बीजिंगला तिने कांस्यही मिळवलं. ती हमीदा बानूंपेक्षा बलवान होती असं कुणी म्हणणार नाही; बाईंचं वजन शंभर किलोंच्या वर होतं. फरक असा की मर्लेनीला प्रत्येक पायरीवर तिच्याच वजनाची, तिच्यासारखीच तयार झालेली प्रतिस्पर्धी मिळत गेली. पुढे युक्रेनची रांगच लागली. युलिया त्काच आणि अल्ला चेर्कासोवा जगज्जेत्या झाल्या, तर इरिना कोल्यादेंकोने टोकियोत कांस्य आणि पॅरिसमध्ये रौप्य घेतलं.

जोड इतकी का लागते, हे एकेरी पटातून कळतं. मुलगी खाली शिरते, डोकं समोरचीच्या बरगडीला लावते, एका हाताने गुडघ्यामागे पकड घेते आणि दुसऱ्या हाताने टाच ओढते. समोरची तेवढ्यात पाय मागे फेकून कंबरेचा सगळा भार मानेवर टाकते. आता पकड सोडून पाठीमागे जायचं, की टाच धरून ठेवून बाजूला वळायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरतं. पाठीमागे जाऊन ताबा मिळाला तर २ गुण. चुकलं तर तेच २ गुण समोरचीला. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती आणि १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीवर तासभर खडाखडी करून समोरच्याला दमवण्याची चाल इथे चालत नाही. हा पट हजारो वेळा काढून अंगात मुरतो, आणि तोही जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या मुलीवर. दहा किलोंनी जड मुलीवर सराव केला तर पट निघतच नाही. दहा किलोंनी हलकी असेल तर चुकीचा पटही निघतो.

महाराष्ट्रात जिथे जोड मिळाली तिथे निकाल दिसले. कागल तालुक्यातलं मुरगूड हे मोठं शहर नाही, पण तिथल्या मंडलिक कुस्ती संकुलातून नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे अशा आंतरराष्ट्रीय मल्ल आल्या. राज्याने मात्र उशीर केला. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे; महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली. ती सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने जिंकली, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर कल्याणची वैष्णवी पाटील होती. वैष्णवी मांडा-टिटवाळ्याची. २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेसाठी भारतीय संघात ६५ किलो गटात तिची निवड झाली. टिटवाळ्यापासून कसाऱ्याच्या दिशेने तिसरं स्टेशन आसनगाव, म्हणजे शहापूरचं दार. टिटवाळ्यापर्यंत कारकीर्द येऊन ठेपली आहे. पण डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या मुलीला ती तीन स्टेशनं फार लांब पडतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही; कल्याण तीस-एक किलोमीटर, आणि पाड्यावरून मुरबाडला पोहोचायचं ते वेगळंच. बारा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर एवढं अंतर रोज कापून रात्री घरी परतेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून आश्रमशाळा. या दोन्ही तालुक्यांत शासकीय आणि अनुदानित निवासी आश्रमशाळा आहेत. तिथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतल्या मुली एकाच छपराखाली राहतात. एका वर्गात ३५ ते ४० किलोंच्या पाच-सहा मुली सहज सापडतात. हमीदा बानूंना जी जोड आयुष्यभर मिळाली नाही, ती तिथे आयती बसलेली आहे. हवी आहे ती एक मॅट, एक महिला प्रशिक्षक आणि सकाळ-संध्याकाळचा ठरलेला वेळ.

यावर पहिला आक्षेप पोषणाचा येईल, आणि तो गंभीर आहे. ज्या भागात कुपोषण आहे तिथे पोरींना आखाड्यात उतरवायचं? खुराकाशिवाय उतरवूच नये. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ यांची तरतूद आधी आणि मॅट नंतर. पण अंगकाठी लहान म्हणून कुस्ती जमणार नाही, हा समज टाकून द्यावा. १५ वर्षांखालच्या मुलींचा सर्वांत हलका गट २९ ते ३३ किलोंचा आहे. शाळकरी वयात वजन तोडणं मात्र कडक बंद हवं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटने पहिल्याच फेरीत जपानच्या युई सुसाकीला आणि मग युक्रेनच्या ओक्साना लिवाचला हरवलं, उपांत्य फेरीही जिंकून अंतिम फेरी गाठली, आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने तिला बाद व्हावं लागलं. ५० किलोंत बसण्यासाठी शरीराला काय सोसावं लागतं, हे सगळ्या देशाने पाहिलं.

आपल्याकडे कबड्डी आहे, तीच पुरे, असंही कुणी म्हणेल. कबड्डीतली घोट्याची पकड कुस्तीला उपयोगीच पडते. पण तिथे हलक्या मुलीला जड मुलींसमोरच खेळावं लागतं. कुस्तीत तिचा स्वतःचा गट असतो. मुलग्यांबरोबर सराव करता येईल, बलालीच्या फोगाट बहिणींनी तसाच केला, हाही मुद्दा येतो. त्यांच्या घरात बापच वस्ताद होता, हे विसरू नये. ती सोय घरोघरी नसते.

सर्वांत अवघड आक्षेप पालकांचा आहे. २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश यांच्यासारख्या मुली जंतरमंतरवर बसल्या आणि त्यांनी राष्ट्रीय महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले. ते पाहिलेली आई मुलीला तालमीत पाठवताना दहा वेळा विचार करणारच, आणि तिने करावाच. तिला विश्वासाची भाषणं देऊन भागणार नाही. प्रशिक्षक महिलाच असावी, सराव उघड्या दाराने चालावा, स्पर्धेला जाताना आयांपैकी एक सोबत असावी आणि तक्रार घेणारी व्यक्ती शाळेबाहेरची असावी. हे चार नियम लेखी नसतील तर मॅट घालूच नये.

यात्रांचा हंगाम जवळ आला की गावोगाव समित्यांच्या बैठका बसतात आणि कुस्त्यांच्या इनामाची यादी तयार होते. या वर्षी त्या यादीत मुलींच्या चार कुस्त्या घाला. वजन काट्यावर घ्या, जोडी वजनानेच लावा आणि निकाल नावानिशी वहीत लिहून ठेवा. इनाम रोख देण्याऐवजी त्या मुलीच्या वर्षभराच्या खुराकाचा खर्च उचला. ज्या समितीला हे करायचं आहे तिने जवळच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना आत्ताच भेटावं, कारण परवानगीची पत्रं फिरायला वेळ लागतो.